रॅमच्या पट्ट्यांना लावलेलं हळदकुंकू

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. निवृत्तीनंतर शाळेच्या आठवणी लिहायला घेतल्या तेव्हा दोन वह्या भरल्या. त्यात सहली आल्या, स्नेहसंमेलनं आली, शाळेच्या विहिरीत पडलेलं कुत्रं आम्ही टोपलीने वर काढलं तेही आलं. संगणकाची पाळी आली की मात्र मी पेन खाली ठेवून चहा मागायचो. घरात आजही सगळ्यांची अशी समजूत आहे की आमच्या गावच्या शाळेत रंगीत चित्रं दाखवणारा संगणक मी चालू केला. नातवंडं ते अभिमानाने सांगतात. मी ऐकतो आणि गप्प राहतो. ती समजूत खोटी आहे.

नावं मी कुणाचीच घालत नाही. ज्यांचं घालायला हवं त्यांना विचारण्याची सोय आता राहिलेली नाही, आणि त्यांच्याशिवाय बाकीच्यांची नावं घालणं बरं दिसणार नाही.

आमचं गाव नेवासे तालुक्यात, सोनईहून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर. मी तिथल्या हायस्कुलात गणित आणि विज्ञान शिकवायचो. शाळेच्या प्रयोगशाळेत एक सहायक होते. त्यांना सगळी शाळा भाऊ म्हणायची. मुलंही आणि हेडसरही. वयाने ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. अंगात कायम धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला टेस्टर अडकवलेला. परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावणं, माझ्या तासाआधी टेबलावर साहित्य मांडणं हे त्यांचं काम. प्रयोग मी करून दाखवायचो, पण तो फसू नये याची तजवीज त्यांनी आधीच केलेली असायची. एकदा प्राणवायू तयार करताना माझी उदबत्ती पेटेचना, तर मागून हळूच आवाज आला, "सर, नळी काढा पाण्यातून, मग बघा." मुलांना वाटलं, सरांनीच युक्ती केली.

भाऊ पोस्टाने येणारा रेडिओ दुरुस्तीचा अभ्यासक्रम शिकले होते. गावातले निम्मे रेडिओ आणि जवळजवळ सगळे टीव्ही त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांना एकच हौस होती, आणि ती त्यांनी मला एकदाच, प्रयोगशाळेच्या ओट्यावर डबा खाताना सांगितली. "सर, वीस वर्षं झाली, मी मुलांच्या पाठीमागं उभा आहे. एकदा फळ्याच्या बाजूनं उभं राहून बघायचंय, पोरं कशी दिसतात ते."

सहायकाला तास मिळत नसतो. तो नियमच होता. पण संगणक आला आणि त्या नियमाला एक फट पडली.

संगणक शाळेला देणगीत मिळाला होता. पहिली तीनेक वर्षं तो एका खोलीत गुलाबी चादरीखाली झाकलेला असायचा. आत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. त्याला धूळ चालत नाही असं देणगीदारांनी सांगितलेलं, म्हणून शिपाईमामा त्या खोलीला दिवसातून दोनदा झाडू मारायचे आणि त्या झाडण्यानेच सगळी धूळ संगणकावर बसायची. भाऊंनी हे मामांना समजावलं तेव्हा मामा म्हणाले, "मंग झाडू नको का? उद्या हेडसर इचारतील, मामा, जाळी कशी लागली? तवा तुमी येनार का सांगायला?"

मग आम्ही कुठूनशी एक सीडी मिळवली. ग्रह-ताऱ्यांची. ती आमच्या यंत्रावर घातली की पडद्यावर आधी काळोख, मग बराच वेळ घरघर, आणि मग मेमरी कमी असल्याची सूचना. कधी नशिबाने चित्र उमटलंच तर शनीचं कडं म्हणजे जाडजूड चौकोनी ठिपक्यांची माळ. नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, शनी स्वेटर विणल्यासारखा दिसतो." भाऊ इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले. पण दुसऱ्या दिवशी ते एक कागद घेऊन आले. यंत्र उघडून त्यांनी आतली सगळी अक्षरं आणि आकडे टिपून आणले होते.

"सर, यंत्र म्हातारं नाही. उपाशी आहे," ते म्हणाले. "मेमरी आठची आहे ती बत्तीस करू. आणि डिस्प्ले कार्ड नवीन टाकू. शनी बघा मग कसा दिसतो ते."

त्या वेळी ग्राफिक्स कार्ड असं कुणी म्हणायचं नाही. सगळे डिस्प्ले कार्डच म्हणायचे. हेडसरांना मी पटवलं आणि माजी विद्यार्थ्यांनी खर्च उचलला. हेडसरांनी शब्द दिला की हे काम भाऊंनी नीट केलं, तर दिवाळीनंतर संगणकाचा तास भाऊंकडे द्यायचा. आठवी आणि नववी, आठवड्याला दोन-दोन तास. नियमाचं काय ते संस्थेच्या चेअरमनशी बोलून घेऊ. त्याच आठवड्यात भाऊंनी शंभर पानी वही आणली आणि तिच्यात पाठ लिहायला सुरुवात केली. पहिल्या पाठाचं नाव होतं, "यंत्राला घाबरू नये".

पुण्याला आम्ही दोघं गेलो. पहाटेची एसटी, मग नगरला गाडी बदलली. सुप्याच्या पुढे गाडीतल्या निम्म्या माना डुलायला लागल्या, पण भाऊ टक्क जागे. शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखे खिडकीबाहेर बघत होते. मध्येच मला म्हणायचे, "सर, मेमरीच्या पट्ट्या जोडीनंच घ्यायच्या बरं का. एकटी पट्टी चालत नाही आपल्या यंत्राला."

"बैलांसारखं?"

"बैलांसारखंच. आणि जोड सारखी पाहिजे. एक खिलार, एक डांगी असं नाही चालायचं."

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं. माझ्या डोक्यावर टोपी, भाऊंच्या हातात कापडी पिशवी. त्याने दोन पट्ट्या काढून समोर टाकल्या. भाऊंनी खिशातून भिंग काढलं. प्रयोगशाळेतलं, फुलांचे पुंकेसर बघायचं. दोन्ही पट्ट्यांवरच्या काळ्या चौकोनांवरचे आकडे शांतपणे वाचले आणि म्हणाले, "शेट, ही हिची बहीण नाही. चुलत बहीण आहे."

दुकानदार आधी गोरामोरा झाला, मग हसला. "काका, तुम्ही कुठले?"

"नेवाश्याकडचे."

"तिकडं एवढं कळतं होय?"

"तिकडं रेडिओ लई बिघडतात," भाऊ म्हणाले.

दुकानदाराने आतून जुळी जोडी आणली आणि वर आम्हाला चहा पाजला. डिस्प्ले कार्ड त्याने दुकानातल्या यंत्राला लावून दाखवलं. पडद्यावर लाल फुलांचा ताटवा उमटला. आम्ही दोन प्रौढ माणसं तोंड उघडं ठेवून त्या फुलांकडे बघत उभे राहिलो. मागचं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "काका, सरका, बाग बघून झाली असेल तर."

परतीच्या गाडीत ती तीन पाकिटं भाऊंनी मांडीवर धरली होती. करड्या चकाकणाऱ्या पिशव्या, त्यात पट्ट्या आणि कार्ड. शेजारच्या बाईंनी विचारलं, औषध आहे का, तर म्हणाले, "हो, शाळेचं." त्यांनी मला एक पट्टी पिशवीतूनच दाखवली. खालच्या कडेला सोनेरी दात होते, बारीक, एका ओळीत.

"सर, जीव इथं आहे. या दातांना बोट नाही लावायचं. पाणी नाही, घाम नाही. यंत्रात बसेपर्यंत पिशवी उघडायची नाही."

"नाही उघडणार."

"तुमच्या कपाटात ठेवा. माझ्याकडं कुलपाचं कपाट नाही."

मी पाकिटं माझ्या कपाटात ठेवली. किल्ली माझ्या जानव्याला. हेही लिहून टाकतो, कारण ती किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

तीन दिवसांनी दसरा होता. शाळेत दसऱ्याला सकाळी पूजा असायची. पाटीवर सरस्वती, शेजारी प्रयोगशाळेतला तराजू, कार्यानुभवाची कात्री, शाळेची घंटा, शिपाईमामांचं कुदळ-फावडं. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. संगणकालाही गेली तीन वर्षं हार पडत होता. पूजा मीच सांगायचो, मीच करायचो. भाऊ त्या दिवशी शाळेत नसत. ते बौद्ध. विजयादशमीला त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. पांढरे कपडे घालून ते घरच्यांसह विहारात जात आणि दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांसाठी बुंदी आणत. आम्ही त्यांना आपट्याची पानं देत असू. त्यात कधी अवघडल्यासारखं झालं नव्हतं.

पूजा मांडून झाली आणि हेडसर म्हणाले, "अहो, नवीन वस्तू आल्यात ना पुण्याहून? त्या ठेवा की पूजेला. चांगला मुहूर्त आहे."

मी पाकिटं आणून पाटावर ठेवली. मामांनी त्या करड्या पिशव्यांकडे पाहिलं.

"सर, पूजा पिशवीची करायची का?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि हसता हसता मी पिशव्या उघडल्या. मनात भाऊंचं बोलणं आलं होतं, पण मी स्वतःला सांगितलं की दातांना हात लावणार नाही, कडेला धरीन. पट्ट्या पाटावर आडव्या ठेवल्या, कार्ड शेजारी. फुलाने पाणी शिंपडलं. हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, वर झेंडूची पाकळी. दिसायलाही ते फार गोड दिसत होतं. हिरव्या पट्ट्यांवर पिवळं-लाल. मामा म्हणाले, "नव्या नवरीवानी दिसतंय." मी खूश.

पूजा आटोपल्यावर पट्ट्या उचलल्या तेव्हा लक्षात आलं की शिंपडलेलं पाणी पाटावर साठलं होतं आणि हळदकुंकू त्यात विरघळून कडेला उतरलं होतं. मी रुमाल काढला, चोळून पुसलं, दातांवरूनही रुमाल फिरवला. कोरडं, स्वच्छ दिसत होतं. पिशव्यांत परत घालून कपाटात ठेवलं. भाऊंना सांगायचं, असं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते बुंदीचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "आपलं औषध नीट आहे ना, सर?"

मी म्हणालो, "अगदी."

त्यानंतर दोन दिवसांनी चेअरमन येणार होते. हेडसरांनीच तो घाट घातला होता. चेअरमनांच्या डोळ्यांदेखत यंत्र सुधारायचं, शनी दाखवायचा, ते खूश झाले की तिथेच भाऊंच्या तासाची गोष्ट काढायची. संगणकाची खोली मुलांनी आदल्या दिवशी सजवली होती. दारात रांगोळी, तीही शनीची. चेअरमन आले; उंच, मिशीवाले, ऊस आणि राजकारण दोन्हीत मुरलेले. बोलायला दिलखुलास. चपला काढताना मामांना म्हणाले, "देऊळ हाय का काय रे हे?"

भाऊंनी यंत्र उघडून ठेवलं होतं. हात धुऊन, पुसून, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून टेबलाच्या लोखंडी पायाला एकदा स्पर्श करून ते कामाला लागले. जुन्या पट्ट्या काढल्या. नवी पट्टी तिरकी घालून सरळ केली, टक् आवाज झाला. दुसरी, पुन्हा टक्. कार्ड बसवून स्क्रू आवळला. ते काम इतकं देखणं होतं की चेअरमनही वाकून बघत होते. "हात लई सरावलेला हाय," म्हणाले. हेडसरांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. खिडकीच्या गजांना मुलांचे चेहरे चिकटले होते.

भाऊंनी बटण दाबलं. पंखा फिरला. आणि यंत्राने शिट्टी मारली. लांबलचक. थांबली, पुन्हा लांबलचक. पडदा काळा.

पहिल्याच शिट्टीला मला पाटावर साठलेलं पाणी आठवलं. मला कळलं होतं. खोलीत फक्त मलाच कळलं होतं.

भाऊंनी यंत्र बंद केलं, पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. पुन्हा शिट्टी.

"रडतंय का काय हे?" चेअरमन म्हणाले. मुलं खिदळली.

"साहेब, पाच मिनिटं द्या. जुन्या पट्ट्या लावून बघतो, म्हणजे दोष कुठं आहे ते कळेल."

"कारखान्यावर मीटिंग हाय माझी. पाच मिन्टं कुठनं आनू?" मग त्यांनी मामांना विचारलं, "काय रे, पूजा-बिजा केली हुती का न्हाई याची?"

"केली की साहेब. सरांनी सोता केली दसऱ्याला. भाऊ तेवढं न्हवतं."

"हां," चेअरमन म्हणाले.

तेवढंच. कुणी जातीचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती. त्या "हां"मध्ये खोलीतल्या प्रत्येकाने जे ऐकायचं ते ऐकलं. भाऊ मान खाली घालून स्क्रू सैल करत होते. त्यांचा कान लाल झालेला मला दिसला.

चेअरमन माझ्याकडे वळले. "सर, हे असलं नाजूक काम तुमीच ताब्यात घ्या. मास्तर मानूस पायजे याला. हेडसर, कागद करून टाका सरांच्या नावानं."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. चेअरमन हसले असते, मला दोन टोमणे मारले असते, मामांनी ते गावभर केले असते, आणि आठ दिवसांत सगळं विरलं असतं. एवढंच होतं ते. मी म्हणालो, "बरं, साहेब."

चेअरमन गेले. हेडसर त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेले. मामाही मागून गेले. खोलीत भाऊ, मी आणि खिडकीला मुलं.

भाऊंनी एक पट्टी काढून खिडकीच्या उजेडात धरली. खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघितलं. मग मुलांना म्हणाले, "खोडरबर आहे का कुणाकडं?" शनीला स्वेटर म्हणणाऱ्या मुलीने कंपासपेटीतून पांढरं खोडरबर गजांतून आत दिलं. भाऊंनी पट्टी टेबलावर टेकवली आणि सोनेरी दात खोडरबराने हळूहळू घासायला लागले. दुसरी पट्टी घासली. मग कार्ड. पांढऱ्या खोडरबरावर केशरी-पिवळा पट्टा उमटला होता.

त्यांनी तो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं संगणकाच्या भागांचं चित्र बघत होतो.

"सर," भाऊ म्हणाले, "हळद चांगल्या दुकानातली दिसते. सहजासहजी सुटत नाही."

आणि ते हसले. कडवट नाही. पुण्याच्या दुकानात हसले होते तसेच. मीही हसलो, ओशाळून. खोडरबरावर फुंकर मारून त्यांनी ते मुलीला परत दिलं, पट्ट्या बसवल्या, कार्ड बसवलं आणि बटण दाबलं.

एकच आखूड टिक. आणि पडद्यावर मेमरी मोजणारा आकडा पळायला लागला. आठ हजारावर तो नेहमी थांबायचा, आज थांबेना. मुलं खिडकीतून मोठ्याने वाचू लागली, सोळा हजार, वीस हजार, चोवीस हजार, आणि बत्तीस हजारांच्या पुढे जाऊन तो थांबला तेव्हा अशी आरोळी उठली की शेजारच्या वर्गातले गुरुजी छडी घेऊन बाहेर आले. छडी तशीच हातात धरून तेही खिडकीला चिकटले.

भाऊंनी सीडी घातली. काळ्या पडद्यावर शनी आला. गोल, पिवळसर, सावकाश फिरणारा, आणि त्याची कडी एकात एक, रेशमी धाग्यासारखी बारीक. मग एक मुलगा आतल्या आवाजात म्हणाला, "आयला, खरंच हाय की हे."

त्या दिवशी शाळेत दुसरं काही शिकवून झालंच नाही. वर्गामागून वर्ग आले. मुलं चपला काढायला विसरली आणि कुणी आठवणही केली नाही. मामा परत आले, गर्दीतून वाट काढत पुढे गेले आणि गुरूचा लाल डाग बघून म्हणाले, "ह्याला कुनी गंध लावलं?" मी सोडून सगळे हसले. डेअरीवरून परतणारी चार-पाच माणसं किटल्यांसह आत शिरली. मंगळाची दरी बघून एक म्हातारे म्हणाले, "आपल्या पाथर्डीकडच्या रानावानी हाय सगळं. हितं बी पानी न्हाई, तितं बी न्हाई." भाऊ खुर्चीवर बसून माऊस फिरवत होते, ग्रहामागून ग्रह दाखवत होते. पांढरा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की मी आयुष्यात फार थोड्या चेहऱ्यांवर तसा पाहिला असेल. तो आनंद खोटा नव्हता. तास गेला हे त्यांना माहीत होतं, तरीही नव्हता.

संध्याकाळी हेडसर मला बाजूला घेऊन म्हणाले, "यंत्र चाललं हे छानच झालं. पण चेअरमनांना आता उलट काय सांगायचं? कागद तुमच्या नावाने झालाय. राहू द्या." मी राहू दिलं.

दिवाळीनंतर संगणकाचे तास मी घेतले. भाऊ स्वतःहून ती शंभर पानी वही घेऊन आले. "तुम्हाला उपयोग होईल, सर. नुसती पडून राहील." मी त्या वहीतून शिकवलं, अनेक वर्षं. "यंत्राला घाबरू नये" हे वाक्य आमच्या भागातल्या शेकडो मुलांना माझं म्हणून माहीत आहे. भाऊ खोलीच्या मागच्या बाजूला स्टुलावर बसत. यंत्र अडलं की मुलं माझ्यावरून नजर पलीकडे नेऊन त्यांच्याकडे बघायची. मुलांना कळतं.

त्यांच्या निवृत्तीच्या समारंभात मी बोलायचं ठरवलं होतं. भाषण लिहिलंही होतं. उभा राहिलो आणि त्यांच्या स्वच्छ कामाबद्दल, साध्या स्वभावाबद्दल बोललो, शाल घातली, नारळ दिला आणि खाली बसलो. टाळ्या चांगल्या पडल्या.

त्यानंतर ते मुलाकडे देवळाली प्रवरा इथे राहायला गेले. मीही निवृत्त झालो. एका रविवारी सकाळी मी मुद्दाम तिकडे गेलो, सांगायचंच म्हणून. घरी वहिनी होत्या. म्हणाल्या, "ते विहारात असतील. रविवारी त्यांची शाळा असते."

विहाराच्या बाजूच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या होत्या. तीस-एक मुलं-मुली, दोन-तीन मोठी माणसंही. कोपऱ्यात कुणीतरी टाकून दिलेला आणि भाऊंनी उभा केलेला जुना संगणक. आणि भाऊ फळ्याच्या बाजूने उभे होते, हातात खडू. केस पूर्ण पांढरे झालेले, पण आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मोकळा. फळ्यावर मेमरीच्या पट्टीचं चित्र होतं. ते म्हणत होते, "एकटी चालत नाही. जोड लागते. आणि जोड कशी पाहिजे?" सगळी खोली ओरडली, "सारखी!"

मी मागच्या सतरंजीवर बसलो. एवढ्या आनंदाने मी कुणाचाही तास कधी ऐकला नाही. एका मुलाने विचारलं, "आजोबा, पट्टी पाण्यात पडली तर?" भाऊंनी मला तेव्हाच पाहिलं. त्यांचे डोळे बारीक झाले, आता हसतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "पडली तर वाळवायची. वाळली की चालते. यंत्र राग धरत नाही." मग मुलांना म्हणाले, "हे आमचे सर. आम्ही दोघांनी मिळून शाळेचा संगणक सुधारला होता. उठा, नमस्कार करा." तीस मुलं उठली.

तास संपल्यावर घरी गेलो. वहिनींनी पिठलं-भाकरी केली. मी दोनदा सुरुवात केली. "भाऊ, त्या दसऱ्याला..." एकदा त्यांनी माझ्या ताटात भाकरी वाढली. दुसऱ्यांदा म्हणाले, "सर, ठेचा घ्या, तिखट नाही." तिसऱ्यांदा मी सुरुवात केली नाही. ते मला एसटीपर्यंत पोचवायला आले, गाडी निघेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात येतो."

पुढच्या महिन्यात गेलो नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला की भाऊ गेले, झोपेतच, काही त्रास न होता. मी गेलो. विहारात माणसं मावत नव्हती. माझ्याजवळ बोलण्यासारखं एवढंच होतं, आणि ते ऐकायला ज्यांनी असायला हवं होतं ते नव्हते.

भाऊ, दसऱ्याच्या दिवशी पिशव्या मी उघडल्या. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी उघडल्या. हळदकुंकू मी लावलं, पाणी मी शिंपडलं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा सगळं नीट आहे असं मी खोटं सांगितलं. चेअरमन तुमच्याबद्दल जे बोलले आणि जे न बोलता बोलले, ते एका वाक्यात खोडायला मला येत होतं. मी खोडलं नाही. तुमचा तास मी घेतला, तुमची वही माझी म्हणून वापरली, आणि तुमच्या घरी तुमच्या ताटाशेजारी बसूनही मला हे सांगता आलं नाही. माझं चुकलं, भाऊ. मला माफ करा.